कडीपाटाच्या माडीवर न्हाणीघर करताना भिंतीची टाइल कशी बसवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या घराच्या माडीवर, कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेल्या जमिनीवर, पाच फूट बाय सात फुटांचे न्हाणीघर करायचे आहे, कारण घरातील वृद्ध आईंना आता जिना उतरणे झेपत नाही. एक भिंत जुनी, पंधरा इंची विटांची आहे आणि उरलेल्या भिंती नव्याने उभ्या करायच्या आहेत. मिस्त्रींचे म्हणणे असे की, नव्या भिंती चार इंची विटांच्या बांधू, सगळीकडे चिकन जाळी ठोकून सिमेंटची छपाई (प्लास्टर) करू, त्यावर टाइल बसवू आणि खाली फळ्यांवर टाइल टेकवून सांधा पांढऱ्या सिमेंटने भरून टाकू. हे काम टिकेल का, आणि टाइल कोणती घ्यावी, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे.

नागपूरच्या जुन्या वस्त्यांतील घरांच्या दुरुस्तीची आणि टाइलची कामे मी बऱ्याच वर्षांपासून करत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मिस्त्रींनी सांगितलेली पद्धत वाईट नाही; ती सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबवरील न्हाणीघरासाठी योग्य आहे. लाकडी जमिनीवर मात्र ती तशीच उचलून आणता येत नाही.

टाइल भिंतीवरून सुटून पडेल का, अशी काळजी तुम्हाला वाटते आहे. माझ्या मते खरी अडचण भिंतीच्या मध्यभागी नसून तळाशी आहे, जिथे भिंत आणि जमीन एकमेकांना भेटतात. तुमची जुनी भिंत थेट पायापर्यंत गेलेली आहे, ती जागची हलत नाही. जमीन मात्र लाकडी कड्यांवर आहे आणि ती दोन कारणांनी हलते: माणूस चालला किंवा पाण्याची भरलेली बादली ठेवली की ती किंचित लवते, आणि ऋतू बदलला की लाकूड फुगते किंवा आक्रसते. स्थिर भिंतीवरची टाइल हलत्या जमिनीवर टेकवली आणि सांधा कडक सिमेंटने भरला, तर पहिल्या पावसाळ्यानंतर त्या सांध्यात केसासारखी चीर पडते. चीर दिसायला क्षुल्लक असते, पण रोजच्या आंघोळीचे पाणी तिच्यातून थेंब थेंब करून फळीत आणि कडीच्या टोकापर्यंत जाते. टाइल वरून अगदी शाबूत दिसत असते आणि खाली लाकूड कुजत असते. त्यामुळे सगळे काम या एका सांध्याभोवती आखावे लागते.

काही गोष्टी तुमच्या घरातील परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या पाहिल्याशिवाय कोणीही ठाम उत्तर देऊ नये. कड्यांचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधले अंतर, किती फुटांचा आहे, कड्या किती जाड आणि एकमेकींपासून किती अंतरावर आहेत, भिंतीत गेलेली त्यांची टोके निरोगी आहेत की उधईने किंवा ओलीने पोखरलेली आहेत, फळ्यांवर नुसते लाकूड आहे की जुना माती-चुन्याचा थर आहे, हे आधी पाहावे लागेल. कडीचे टोक तपासण्यासाठी खालच्या खोलीतून, भिंतीलगत, पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत शिरला तर टाइलचा विचार बाजूला ठेवून आधी कडी बदलावी. शक्य असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घर दाखवावे. न्हाणीघराच्या एकूण खर्चात ती फी फार नसते आणि इथे प्रश्न खालच्या खोलीत झोपणाऱ्या माणसांचाही आहे.

जमिनीची लवण, म्हणजे भाराखाली ती किती वाकते, हे घरच्या घरी ताडून पाहता येते. न्हाणीघराच्या जागेच्या मध्यभागी पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवावी आणि एका माणसाने तिच्याजवळून टाचा टेकत चालावे. पाणी थरथरले तर चालेल, पण सांडले तर जमीन आधी ताठ करावी लागेल. टाइल बसवायच्या जमिनीची लवण गाळ्याच्या तीनशेसाठाव्या भागाहून जास्त नसावी असा दंडक बांधकामात पाळला जातो. दहा फुटांच्या कडीसाठी ती मर्यादा साडेआठ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि नैसर्गिक दगड बसवायचा असेल तर त्याच्या निम्मी. तुमच्याकडे जागा निवडण्याची सवड असेल तर न्हाणीघर खोलीच्या मध्याकडे न घेता जिथे कड्या भिंतीत टेकतात त्या बाजूला घ्यावे, कारण कडी टेकूजवळ सर्वांत कमी लवते.

आता लाकडाच्या ऋतुमानाविषयी सांगतो, कारण नागपुरात ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा फार तीव्र आहे. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो आणि दुपारी हवेतील आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये हीच आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. लाकूड या हवेप्रमाणे ओलावा घेते आणि सोडते. ते लांबीच्या दिशेने जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत आणि जाडीत बदलते. सागवान हे या बाबतीत सर्वांत शहाणे लाकूड, आणि जुन्या घरांतील सागवान मुरलेलेही असते. तरीही आठ इंच रुंदीची फळी मे ते ऑगस्ट या काळात एक ते दोन मिलिमीटर फरक दाखवते. त्यातच घरात डेझर्ट कूलर असतो. खालच्या खोलीत कूलरची ओली हवा आणि वर कवेलूच्या छपराखाली भट्टीसारखी कोरडी माडी अशी स्थिती असली, तर एकाच फळीची खालची बाजू ओली आणि वरची कोरडी राहून फळी मध्ये खोलगट होते.

यावरून दोन गोष्टी पाहायच्या असतात. फळ्या जुन्या भिंतीला समांतर गेल्या असतील, तर फुगल्यावर त्या भिंतीकडे सरकतात आणि त्यांना सरकायला जागा हवी. भिंतीला काटकोनात असतील, तर तो दाब फारसा येत नाही, पण तेव्हाही कडीची उंची बदलतच असते. आठ इंच उंचीची कडी उन्हाळ्यात मिलिमीटर-दीड मिलिमीटर आक्रसते आणि तिच्यावरची सारी जमीन तेवढीच खाली जाते. टाइलची खालची कड मात्र भिंतीबरोबर जागच्या जागी राहते. म्हणजे माणूस, बादली, काहीही वर नसतानासुद्धा वर्षभरात हा सांधा उघडत आणि मिटत असतो.

म्हणूनच तो सांधा किती रुंद ठेवायचा याला महत्त्व आहे. बाजारात मिळणारे साधे चांगले सिलिकॉन सीलंट आपल्या रुंदीच्या पंचवीस टक्के इकडे-तिकडे ताण सोसू शकते. एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर सांधा ठेवला, तर ते पाऊण मिलिमीटरच सोसेल आणि पहिल्याच उन्हाळ्यात कडेने सुटेल. दोन सूत ठेवला, तर दीड मिलिमीटर सोसेल, आणि तेवढे बहुतेक घरांत पुरते. दोन सुतांची फट डोळ्यांना मोठी वाटते आणि मिस्त्री ती ठेवायला नाखूश असतात, कारण सफाईदार काम म्हणजे बारीक सांधा अशी त्यांची घडण असते. त्यांना कारण समजावून सांगा. चांगला कारागीर ऐकतो.

आता नव्या भिंतींकडे वळू. चार इंची विटांची भिंत लाकडी जमिनीवर बांधू नये, हे मी आग्रहाने सांगेन. अशा भिंतीचे वजन दर चौरस फुटाला सुमारे वीस किलो भरते आणि दोन्ही बाजूंच्या छपाईचे आणखी पाच-सहा किलो. सात फूट लांब आणि आठ फूट उंच भिंत धरली, तर टाइल लावण्याआधीच सुमारे दीड टन ओझे एका रेषेत त्या कड्यांवर येते. याउलट गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या चॅनेलची चौकट करून तिच्या दोन्ही बाजूंना दहा मिलिमीटरचे फायबर सिमेंट बोर्ड लावले आणि आतून टाइल बसवली, तर तेवढ्याच भिंतीचे वजन टाइलसकट पावणेतीनशे किलोच्या आसपास राहते. तीच गोष्ट जमिनीवरच्या ब्रिकबॅट कोब्याची, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांच्या थराची. चार इंची कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातो. राहत्या घराच्या खोल्यांसाठी आणि न्हाणीघरासाठी भारतीय मानक आयएस 875 च्या दुसऱ्या भागात वापराचा भारच मुळी दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोनशे किलो, धरलेला आहे. माणसे, बादल्या आणि पाणी यांच्यासाठी ठेवलेली सगळी ताकद एकटा कोबा खाऊन टाकतो.

चौकटीतील उभे चॅनेल सोळा इंचांवर घ्यावेत. भिंत कड्यांना आडवी जात असेल तर भार आपोआप वाटला जातो; कडीला समांतर जात असेल तर ती दोन कड्यांच्या मधल्या नुसत्या फळीवर उभी करू नये, खालून जोडकडी किंवा कड्यांमध्ये आडवे लाकूड ठोकून घ्यावे. बोर्डाची खालची कड जमिनीपासून दहा मिलिमीटर वर ठेवावी, म्हणजे चुकून पाणी आले तरी बोर्ड ते वर शोषणार नाही. दोन बोर्डांमध्ये एक सूत फट ठेवून ती टाइलच्या चिकट मसाल्याने भरावी आणि वर काचधाग्याची जाळीपट्टी बसवावी. स्क्रू गंज न धरणारे असावेत. सुतार बहुधा बोर्डाऐवजी वॉटरप्रूफ प्लायवूड सुचवतात. आयएस 710 चा शिक्का असलेले प्लाय पाण्यात सुटत नाही हे खरे, पण ते ओलाव्याने फुगते-आक्रसतेच. चौकटीत आधारासाठी ते जरूर वापरावे, आंघोळीच्या जागी टाइल थेट त्यावर चिकटवू नये. जिप्सम बोर्डाचा तर इथे विचारच नको.

याच टप्प्यावर आईंसाठी एक काम करून घ्यावे, कारण टाइल बसल्यावर ते करता येत नाही. कमोडच्या शेजारी आणि आंघोळीच्या जागी धरायचे दांडे लागतील. बोर्डाला नुसता प्लग मारून लावलेला दांडा माणसाचे वजन घेत नाही आणि तोल गेलेल्या क्षणीच हातात येतो. म्हणून जमिनीपासून साधारण अडीच ते तीन फूट उंचीच्या पट्ट्यात, बोर्डाच्या मागे, चॅनेलच्या दरम्यान अठरा मिलिमीटरचे प्लाय घट्ट बसवून घ्यावे आणि त्याचा मापासह फोटो काढून ठेवावा. गीझर मात्र नव्या हलक्या भिंतीवर न टांगता जुन्या विटांच्या भिंतीवरच टांगावा.

जुन्या भिंतीचे काम वेगळे आहे. तिच्यावर चुन्याची जुनी छपाई आणि तिच्यावर रंगाचे थर असतील. बोटांच्या पेरांनी किंवा हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे. जिथे पोकळ आवाज येतो तिथली छपाई टाइलचे वजन धरणार नाही. माझा अनुभव असा की, आंघोळीच्या भागात अर्धवट ठेवण्यापेक्षा सगळी छपाई विटांपर्यंत उतरवलेली बरी. त्यानंतर विटांच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, अर्धा इंच खोल खरवडाव्यात, तारेच्या ब्रशने धूळ काढावी, भिंतीवर पाणी मारावे आणि मग छपाई करावी. जुनी वीट मऊ असते आणि तिच्यामागे बहुधा मातीचा किंवा चुन्याचा मसाला असतो. तिच्यावर सिमेंटचा कडक मसाला चढवला की तो काही काळाने आख्खा पापुद्रा होऊन सुटतो. त्यामुळे नुसत्या सिमेंटऐवजी एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग कन्हान नदीची चाळलेली वाळू असा मसाला मी वापरतो. छपाई ओळंब्यात असावी, पण खरबरीत सोडावी. तिच्यावर नीरू किंवा पुट्टी फिरवू नये. सात दिवस पाणी मारावे आणि पूर्ण सुकू द्यावी.

जुन्या भिंतीत लाकडी खांब पुरलेले असण्याची शक्यता बरीच आहे, कारण त्या काळच्या घरांत छपराचे आणि माडीचे वजन खांबांवर आणि विटांचे भरणे मध्ये अशी पद्धत होती. खांबावरून सरळ छपाई केली, तर खांबाच्या दोन्ही कडांना उभ्या चिरा पडतात आणि त्या टाइलमधूनही उमटतात. इथे मिस्त्रींची जाळी उपयोगी आहे, फक्त लावण्याची रीत बदलावी. खांबावर आधी जाड प्लास्टिकची किंवा डांबरी कागदाची पट्टी लावावी, म्हणजे छपाई लाकडाला चिकटणार नाही. तिच्यावरून गॅल्व्हनाइज्ड जाळी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच विटांवर न्यावी आणि खिळे विटांतच मारावेत, लाकडात मारू नयेत. खांब आपल्या जागी फुगेल-आक्रसेल आणि वरची छपाई पुलासारखी त्याच्यावरून जाईल. सगळ्या भिंतीला जाळी ठोकण्याची मात्र गरज नाही.

नवी हलकी भिंत आणि जुनी विटांची भिंत जिथे मिळते तो उभा कोपराही हलता सांधा आहे, हे बहुतेक वेळा विसरले जाते. नवी भिंत जमिनीबरोबर खाली-वर होते, जुनी होत नाही. त्या कोपऱ्यातही दोन सूत फट ठेवावी आणि ती सिलिकॉननेच भरावी. नव्या भिंतीचे डोके वरच्या तुळईला किंवा वाशांना घट्ट ठेचून बसवू नये.

जमिनीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्याकडे बादलीने आंघोळ होते, सगळी जमीन ओली होते, तेव्हा फळ्या उघड्या ठेवून न्हाणीघर करता येणार नाही. फळ्यांवर स्क्रूने घट्ट बसवलेले सिमेंट बोर्ड, त्यावर उताराचा पातळ थर आणि त्यावर वॉटरप्रूफिंग असा हलका थर घ्यावा. नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतून पाणी बाहेर नेणारी जाळीची मोरी, दोन कड्यांच्या मध्ये येईल अशी जागा धरावी. ट्रॅपसाठी कडीला खाच मारू देऊ नये. जमिनीची उंची कमीत कमी वाढेल असे पाहावे, कारण दारात चार-पाच इंचांची पायरी झाली तर ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे त्यांनाच ती अडखळवेल.

पाणी अडवण्याचे काम टाइल करत नाही, तिच्यामागचा थर करतो. दोन घटक मिसळून तयार होणारे लवचिक कोटिंग ब्रशने दोन हातांत, एकमेकांना आडवे, लावावे. जमिनीवरून ते सगळ्या भिंतींवर किमान एक फूट आणि आंघोळीच्या जागी सहा-सात फूट चढवावे. भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात मात्र नुसते कोटिंग पुरत नाही. तिथे वॉटरप्रूफिंगची लवचिक पट्टी बसवावी लागते आणि ती कोपऱ्यात ताणून चिकटवायची नसते. मध्ये किंचित सैल, छोटी घडी राहील अशी ठेवायची असते. जमीन खाली गेली की ती घडी उलगडते आणि थर फाटत नाही. कोटिंग वाळल्यावर ट्रॅप बंद करून जमिनीवर एक-दीड इंच पाणी एक दिवस-रात्र साठवून ठेवावे आणि खालच्या खोलीतून कड्या-फळ्या पाहाव्यात. ही चाचणी झाल्याशिवाय टाइलची पेटी उघडू देऊ नये.

टाइल बसवताना खालच्या ओळीपासून सुरुवात करू नये. जुनी लाकडी जमीन कधीच पाणसळीत नसते. सात फुटांत अर्धा-एक इंच फरक सहज सापडतो. पाण्याच्या लेव्हल नळीने चारही भिंतींवर एकच रेषा मारून घ्यावी, दुसऱ्या ओळीच्या तळाला सरळ ॲल्युमिनियमची पट्टी ठोकावी आणि तिच्यावरून वर जावे. वरच्या टाइल पकडल्या की पट्टी काढावी, जमिनीची टाइल बसवावी आणि मग शेवटी भिंतीची तळाची ओळ एकेक टाइल मोजून, कापून बसवावी. यामुळे तीन फायदे होतात: जमिनीचा तिरपेपणा शेवटच्या कापात मुरतो, भिंतीची टाइल जमिनीच्या टाइलच्या वरून येत असल्याने भिंतीवरून ओघळलेले पाणी सांध्यात न जाता जमिनीवर पडते, आणि खालची दोन सुतांची फट सगळीकडे सारखी राखता येते. फट राखण्यासाठी टाइलखाली प्लास्टिकच्या पाचरी ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी त्या आठवणीने काढाव्यात. फटीत पडलेला मसालाही तेव्हाच खरवडून काढावा, कारण मसाल्याचा एक खडा राहिला तरी तेवढ्या जागी टाइल आणि जमीन पुन्हा एकमेकांना टेकतात. तळाच्या ओळीचा काप अर्ध्या टाइलपेक्षा बारीक येऊ नये, याचा हिशेब रेषा मारतानाच करावा.

टाइल कोणती, याचे उत्तर सोपे आहे. भिंतीसाठी साधी सिरॅमिक टाइल, बारा इंच बाय अठरा इंच किंवा बारा बाय चोवीस, घ्यावी. ती दर चौरस मीटरला पंधरा किलोच्या आसपास भरते, कापायला सोपी असते आणि दांड्यांसाठी भोके पाडताना कमी त्रास देते. सध्या दुकानदार दोन फूट बाय चार फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल दाखवतात. त्या जड असतात, आणि जी चौकट थोडीफार हलणार आहे तिच्यावर एवढा मोठा अखंड तुकडा मी लावणार नाही. संगमरवर किंवा ग्रॅनाइटही नको.

चिकटवण्यासाठी सिमेंटचे लगदे वापरू नयेत. टाइलच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये मसाल्याचे गोळे ठेवून ती ठोकायची पद्धत अजून चालते. तिच्यात टाइलमागे पोकळ्या राहतात आणि त्यात पाणी साचते. पिशवीतील टाइल ॲडेसिव्ह घ्यावे आणि पिशवीवर ‘सी 2’ आणि ‘एस 1’ ही अक्षरे पाहावीत. ‘सी 2’ म्हणजे जास्त पकडीचा सिमेंटी मसाला आणि ‘एस 1’ म्हणजे वाळल्यावरही थोडे वाकू शकणारा मसाला. लाकडी चौकटीच्या घरात तोच हवा. दातेरी थापीने तो भिंतीवर एकाच दिशेने ओढावा, टाइल किंचित सरकवत दाबावी आणि अधूनमधून एखादी टाइल काढून तिची पाठ पाहावी. न्हाणीघरात पाठीचा किमान पंचाण्णव टक्के भाग मसाल्याने माखलेला दिसला पाहिजे. ॲडेसिव्हसाठी टाइल पाण्यात भिजवायची नसते. सवयीने मिस्त्री त्या टाकीत टाकतील, तेव्हा आधीच सांगून ठेवावे.

टाइलच्या मधले सांधे स्पेसर लावून दोन-तीन मिलिमीटरचे ठेवावेत आणि एका दिवसानंतर पॉलिमर किंवा इपॉक्सी ग्राउटने भरावेत. सगळे कोपरे आणि तळाचा सांधा मात्र ग्राउटपासून मोकळे ठेवावेत. तळाच्या फटीत आधी फोमची गोल दोरी दाबावी, म्हणजे सिलिकॉन मागच्या बाजूला चिकटणार नाही. ते फक्त वर आणि खाली दोनच कडांना चिकटले तर रबरासारखे ताणता येते. सिलिकॉन ‘न्यूट्रल क्युअर’ प्रकारचे, बुरशीरोधक घ्यावे. लावताना शिरक्यासारखा आंबट वास आला तर ते दुसऱ्या प्रकारचे आहे. ते सिमेंटच्या पृष्ठभागावर नीट धरत नाही आणि धातूला गंजवते.

काम कधी करावे, हेही महत्त्वाचे आहे. माझी पसंती नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळाला आहे. पावसात फुगलेले लाकूड तोवर बरेचसे मूळ मापावर आलेले असते आणि उन्हाळ्याइतके आक्रसलेले नसते. सिलिकॉन अशा मधल्या स्थितीत भरले, तर पुढे त्याला दोन्ही दिशांना निम्मा निम्मा ताण सोसावा लागतो. जुलैत सांधा मिटलेला असताना भरले, तर मे महिन्यात सगळा ताण एकाच बाजूने येतो. आईंची अडचण पाहता तुम्हाला थांबणे शक्य नसेल आणि काम उन्हाळ्यातच करावे लागणार असेल, तर सकाळी लवकर काम करावे, भिंत स्पंजने ओलसर करून घ्यावी, कूलर आणि पंख्याचा झोत भिंतीवर येऊ देऊ नये आणि मसाला एका वेळी दोन-तीन टाइलपुरताच ओढावा. भर उन्हाळ्यात ॲडेसिव्हवर काही मिनिटांत साय धरते. बोट लावून पाहावे; मसाला बोटाला लागला नाही, तर तो खरवडून नवा ओढावा, वरून पाणी शिंपडून टाइल दाबू नये. तळाचे सिलिकॉन तेवढे हिवाळ्यात कापून पुन्हा भरून घ्यावे.

तेव्हा मिस्त्रींशी बोलताना प्रामुख्याने या गोष्टी ठरवून घ्याव्यात: नव्या भिंती विटांऐवजी चौकट आणि सिमेंट बोर्डाच्या, कोबा नाही, जुन्या भिंतीला चुना मिसळलेली छपाई, टाइलच्या आधी पाणी साठवण्याची चाचणी, आणि तळाला व कोपऱ्यांत दोन सुतांचा सिलिकॉनचा सांधा. बाकी तपशिलात त्यांच्या हाताला मोकळीक द्यावी.

न्हाणीघर झाल्यावर त्याच्याखालच्या खोलीत पीओपीचे छत करण्याचा मोह होईल, कारण ड्रेनेजचा पाइप तिथून दिसेल. तो पाइप दिसू द्यावा आणि कड्या-फळ्या उघड्याच ठेवाव्यात, निदान न्हाणीघराच्या खालच्या भागापुरत्या. लाकडाला खालून हवा लागत राहिली तर चुकून आलेली ओल सुकते, आणि गळती झालीच तर काळा डाग लगेच दिसतो. न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखाही लावून घ्यावा. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस तळाच्या सांध्यावरून नख फिरवून पाहावे. सिलिकॉन कडेने सुटलेले आढळले तर वरून नवा थर फासू नये. जुने पात्याने पूर्ण कापून, फट कोरडी करून, नवे भरावे. दोन-चार वर्षांनी हे एकदा करावे लागते आणि घरच्या माणसालाही जमते. डाग दिसलाच तर तो नेमका कोणत्या कडीखाली आणि भिंतीपासून किती अंतरावर आहे हे मोजून ठेवावे. ट्रॅपजवळचा डाग बहुधा पाइपच्या सांध्याचा असतो आणि भिंतीलगतचा डाग तळाच्या सांध्याचा, त्यामुळे कुठे उघडायचे ते टाइल न फोडता ठरवता येते.